सहा लाखांचा हीटर म्हणजे किती किलोवॅट?

इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-सुकवण्याच्या कारखान्यात, थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून त्यातून यंत्रांना उष्णता देणारा) केवढा आहे असं विचारलं, तर उत्तर येतं, "सहा लाखांचा." ही किंमत नव्हे. तासाला सहा लाख किलोकॅलरी, असा त्याचा अर्थ. त्याच आवारातला बॉयलर "तीन टनांचा" असतो, चिलर, म्हणजे गार करणारं यंत्र, "वीस टनांचा" असतो आणि हे दोन टन एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. पंपाची मोटर एचपीत (अश्वशक्ती), वीजबिल किलोवॅट आणि केव्हीएत (किलोव्होल्ट-अँपिअर). खरं तर हे सगळे आकडे एकच गोष्ट सांगतात: ऊर्जा किती वेगानं येते किंवा जाते. म्हणजे शक्ती.

रूपांतराचा गुणाकार शाळेतलं मूलही करील. चुका होतात त्या गुणाकाराच्या आधी. समोरचा आकडा नेमका कशाचा, आत जाणाऱ्या इंधनाचा की बाहेर मिळणाऱ्या उष्णतेचा, तासाचा की एकूण, हे न विचारताच कॅल्क्युलेटर हातात घेतला जातो. म्हणून इथे सूत्र थोडक्यात आणि प्रश्न सविस्तर.

पहिली पायरी: "प्रति तास" आहे का ते बघा

किलोकॅलरी हे ऊर्जेचं एकक. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला साधारण एक किलोकॅलरी लागते. किलोकॅलरी प्रति तास हे शक्तीचं. विजेच्या बाजूला हीच जोडी उलट्या धाटणीची आहे: किलोवॅट ही शक्ती आणि किलोवॅट-तास, म्हणजे आपलं बिलावरचं "युनिट", ही ऊर्जा. एकीकडे "तास" शब्द आला की शक्ती होते, दुसरीकडे "तास" आला की ऊर्जा. निम्मा गोंधळ इथेच होतो.

त्यात नेमप्लेटवर आणि कोटेशनमध्ये "प्रति तास" बऱ्याचदा गाळलेलं असतं. "क्षमता ६,००,००० किलोकॅलरी" असं लिहिलेलं दिसलं आणि यंत्र हीटर, बर्नर किंवा कूलिंग टॉवर असेल, तर तिथे तास गृहीत आहे. उष्णता साठवणाऱ्या टाकीवर तसाच आकडा असेल, तर तो खरोखर एकूण ऊर्जेचा असू शकतो. शंका आली तर पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यावा.

आहाराच्या बोलण्यातली "कॅलरी" ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, हेही इथेच सांगून ठेवू. "दिवसाला दोन हजार कॅलरी" म्हणजे २,००० किलोकॅलरी.

दुसरी पायरी: दोन आकडे लक्षात ठेवा

१ किलोकॅलरी प्रति तास = १.१६३ वॅट. १ किलोवॅट = ८६० किलोकॅलरी प्रति तास. बाकी सगळं यातून निघतं.

कुठून आले हे? एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८६.८ जूल. तासात ३,६०० सेकंद. भागाकार केला की बरोबर १.१६३ वॅट, पुढे दशांशांची शेपटी नाही. हा योगायोग नाही. १९२९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वाफ-कोष्टक (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) परिषदेनं किलोकॅलरीची व्याख्याच "किलोवॅट-तासाचा ८६०वा भाग" अशी केली होती. १९५६ साली ती बदलून ४.१८६८ जूल प्रति कॅलरी ठरली आणि १.१६३ हा आकडा नेमका झाला. त्यामुळे ८६० आता किंचित गोलाकार आहे (खरा ८५९.८४५), पण फरक दहा हजारांत दोन इतकाच, आणि शॉप फ्लोअरवर ८६० अजून कुणी सोडलेला नाही.

वेळ बदलला की गुणक बदलतो. १ किलोकॅलरी प्रति मिनिट म्हणजे ६९.७८ वॅट, प्रति सेकंद म्हणजे ४.१८७ किलोवॅट, प्रति दिवस म्हणजे ०.०४८५ वॅट. १ लाख किलोकॅलरी प्रति तास = ११६.३ किलोवॅट. १० लाख म्हणजे १.१६३ मेगावॅट. युरोपातल्या कॅटलॉगमध्ये हीच दहा लाख किलोकॅलरी "एक गिगाकॅलरी" म्हणून येते.

बैठकीत, कॅल्क्युलेटर न काढता करायचं असेल तर: किलोकॅलरी प्रति तासचे वॅट करताना सहावा हिस्सा मिळवा, वॅटचे किलोकॅलरी प्रति तास करताना सातवा हिस्सा वजा करा. सहा लाखांत सहावा हिस्सा, म्हणजे एक लाख मिळवले, सात लाख वॅट, ७०० किलोवॅट. खरं उत्तर ६९७.८. चूक हजारात तीन.

थर्मोकेमिकल कॅलरी नावाची एक चुलत बहीणही आहे, ४.१८४ जूलची. खाद्यपदार्थांच्या लेबलवर आणि रसायनशास्त्रात ती चालते. दोहोंतला फरक ०.०७ टक्के. आपल्या फ्लो मीटरची स्वतःची चूक एक-दोन टक्के असताना या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एकाच हिशेबात दोन्ही मिसळू नका, नाहीतर बेरीज जुळत नाही म्हणून तासभर उगाच जातो. एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्ये नुसता "सी" लिहिला की थर्मोकेमिकल कॅलरी धरली जाते, "सीएएल" लिहिलं की वाफ-कोष्टकातली.

घरी करून बघण्यासारखी चाचणी

१,५०० वॅटची इलेक्ट्रिक किटली घ्या. एक लिटर पाणी, २५ अंशांवरचं. ते ९५ अंशांपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. १,५०० वॅट म्हणजे तासाला १,२९० किलोकॅलरी, मिनिटाला २१.५. तर ७० ला २१.५ नं भागून ३ मिनिटं १५ सेकंद.

प्रत्यक्षात घड्याळ जास्त दाखवील. थोडी उष्णता किटलीच्या भांड्यात आणि हवेत जाते. पण त्याहून मोठं कारण बहुधा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतं. किटलीवरचे १,५०० वॅट २३० व्होल्टला आहेत. संध्याकाळी व्होल्टेज २१० वर आलं की शक्ती वर्गाच्या प्रमाणात घसरते: सुमारे १,२५० वॅट. मग तेच पाणी ३ मिनिटं ५४ सेकंद घेतं, गळती न धरता. नेमप्लेटचा आकडा ठरावीक परिस्थितीपुरताच खरा असतो, हे किटलीइतकं स्वस्तात दुसरं कुठलं यंत्र शिकवत नाही.

तिसरी पायरी: नेमप्लेट की प्रत्यक्ष भार?

आता सहा लाखांच्या हीटरकडे. समजा मालकांना तो काढून विजेवरचा हीटर बसवायचा आहे. सरळ रूपांतर ६९८ किलोवॅट. तेवढ्या भाराची ऑर्डर दिली तर वीज कंपनीकडची मंजूर मागणी वाढवावी लागेल, ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, डिमांड चार्ज (त्या मागणीवरचा आकार) दर महिन्याला बसेल. आणि कदाचित निम्मा हीटर रिकामा बसेल. कारण नेमप्लेट सांगते ती कमाल क्षमता. स्टेंटर (कापड ताणून सुकवणारं यंत्र) प्रत्यक्षात किती उष्णता ओढतो हे मोजावं लागतं.

मोजणी अशी. तेलाचा प्रवाह, तेल जाताना आणि परत येताना असलेलं तापमान, त्या तापमानाला तेलाची घनता आणि विशिष्ट उष्मा (एक किलो तेल एक अंश तापवायला लागणारी उष्णता). प्रवाह तासाला ४० घनमीटर, जातानाचं तापमान २३८ आणि परतीचं २२३, म्हणजे फरक १५ अंश. २३० अंशांच्या आसपास खनिज थर्मिक तेलाची घनता सुमारे ७३० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा ०.६५ किलोकॅलरी प्रति किलो प्रति अंश धरला, तर:

४० × ७३० × ०.६५ × १५ = २,८४,७०० किलोकॅलरी प्रति तास, म्हणजे ३३१ किलोवॅट.

६९८ कुठे आणि ३३१ कुठे!

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बॅरलवर छापलेली घनता वापरणं. ती थंड तेलाची असते, ८६० च्या आसपास. ती घातली की उत्तर ३९० किलोवॅट येतं, अठरा टक्के फुगलेलं. विशिष्ट उष्म्याचं उलटं: थंड तेलाचा आकडा लहान असतो, तो घातला की उत्तर आटतं. दोन्ही चुका एकत्र झाल्या की एकमेकींना काहीशा झाकतात आणि उत्तर बरोबर वाटायला लागतं, ते तर फारच वाईट. तेल कंपनीचा तापमानानुसार गुणधर्मांचा तक्ता मागून घ्या आणि चालू तापमानाच्या ओळीतले आकडे घ्या.

दोन्ही थर्मामीटरही एकदा एकाच ठिकाणी लावून बघा. फरकच १५ अंशांचा असेल तर एका थर्मामीटरची दोन अंशांची चूक म्हणजे भारात तेरा टक्क्यांची चूक. एकाच तापमानाला दोघं वेगळं दाखवत असतील, तर तेवढा फरक हिशेबातून काढून टाकायचा. आणि मोजणी एका दुपारची नको. जाड कापड, ओलं कापड, सर्वांत जास्त वेग, अशा कठीण पाळीची घ्यावी. सकाळी थंड तेल गरम करण्याचा भार वेगळा तपासावा: २,५८० किलो तेल, २०० अंशांची वाढ, सरासरी ०.५५ विशिष्ट उष्मा, म्हणजे २,८३,८०० किलोकॅलरी. दोन तासांत करायचं तर १.४२ लाख प्रति तास, १६५ किलोवॅट. मशिन बंद असताना एवढं ३३१ मध्ये सहज बसतं.

चौथी पायरी: आत जाणारी उष्णता की बाहेर येणारी?

हीटरच्या नेमप्लेटवर बहुधा बाहेर मिळणारी उष्णता असते, बर्नरच्या नेमप्लेटवर आत जाणारी. सहा लाखांच्या हीटरवर सात लाखांहून मोठा बर्नर दिसला म्हणून कुणी फसवलं असं नाही. कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर आत ७,०५,८८२ किलोकॅलरी प्रति तास जायला हव्यात.

यापुढे इंधनाचं उष्मामूल्य, म्हणजे एक किलो इंधन जळून निघणारी उष्णता, येतं, आणि ते दोन प्रकारचं असतं: स्थूल आणि निव्वळ. इंधनातल्या हायड्रोजनपासून बनलेलं पाणी आणि इंधनातली मूळची ओल वाफ होऊन चिमणीतून जाते, तिच्याबरोबर गेलेली उष्णता वजा केली की निव्वळ मूल्य उरतं. डिझेलचं स्थूल साधारण १०,८०० किलोकॅलरी प्रति किलो, निव्वळ १०,२००. ८५ टक्के कार्यक्षमता निव्वळ मूल्यावर सांगितलेली असेल तर तासाला ६९ किलो डिझेल लागेल. तिथे चुकून स्थूल मूल्य घातलं तर हिशेब ६५ किलो दाखवील आणि महिनाअखेरीस स्टोअर आणि उत्पादन यांची जुंपेल.

डिझेलमध्ये हा फरक पाच-सहा टक्क्यांचा. साखर कारखान्यातल्या बगॅसमध्ये (उसाचं चिपाड) मात्र गोष्टच वेगळी. निम्मं पाणी असलेल्या बगॅसचं स्थूल मूल्य सुमारे २,२५० आणि निव्वळ सुमारे १,८०० किलोकॅलरी प्रति किलो. त्यामुळे तोच बॉयलर स्थूल मूल्यावर ७० टक्के आणि निव्वळ मूल्यावर साडेसत्त्याऐंशी टक्के कार्यक्षम ठरतो. दोन्ही दावे खरे, बॉयलर एकच. दोन कोटेशनांची तुलना करताना कार्यक्षमतेपुढे "कोणत्या मूल्यावर" हे लिहून घेतल्याशिवाय ती तुलनाच नव्हे.

वाफेचा टन

"तीन टनांचा बॉयलर" म्हणजे तासाला तीन टन वाफ, पण कसली? जोडीला १०० अंशांचं पाणी १०० अंशांची वाफ होण्याची अट असते. त्या अटीत किलोमागे ५४० किलोकॅलरी (वाफ-कोष्टकात ५३९). तेव्हा १ टन प्रति तास = ५.४ लाख किलोकॅलरी प्रति तास = ६२८ किलोवॅट. तीन टनांचा म्हणजे १६.२ लाख, १,८८४ किलोवॅट.

प्रत्यक्षात ३० अंशांचं पाणी आत जातं आणि चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलो दाबाची वाफ बाहेर येते. त्या वाफेत किलोमागे सुमारे ६६५ किलोकॅलरी, पाण्यासोबत आलेल्या ३०, म्हणजे बॉयलरनं दिल्या ६३५. मग १६.२ लाखांत वाफ निघते २,५५० किलो, तीन हजार नव्हे. बॉयलर कमी पडतो अशी तक्रार करण्याआधी फीड वॉटरचं, म्हणजे आत जाणाऱ्या पाण्याचं, तापमान बघावं. कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं झालेलं पाणी) परत आणून पाणी ८० अंशांवर नेलं तर तोच बॉयलर तेवढ्याच उष्णतेत सुमारे २,७७० किलो देईल.

गारव्याचा टन

चिलरचा टन हा बर्फाचा टन आहे. दोन हजार पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जी उष्णता लागते तिचा तासाचा दर: ९०७ × ८० ÷ २४, सुमारे ३,०२४ किलोकॅलरी प्रति तास. किलोवॅटमध्ये ३.५१७. जपानी टन मात्र हजार किलोचा, त्यामुळे तो ३,३२० किलोकॅलरी प्रति तास. जपानी बनावटीचं जुनं शीतयंत्र असेल तर नेमप्लेटच्या टनावर लगेच विश्वास टाकू नये.

दूध शीतकरण केंद्राचं उदाहरण घेऊ. ५,००० लिटर दूध, ३५ अंशांवरून ४ अंशांवर, तीन तासांत. दुधाची घनता १.०३, विशिष्ट उष्मा ०.९३. तर ५,१५० × ०.९३ × ३१ = १,४८,४७५ किलोकॅलरी. तीन तासांनी भागून ४९,५०० प्रति तास. ते ५७.६ किलोवॅट, १६.४ टन.

म्हणजे ५७.६ किलोवॅट वीज लागेल का? नाही. इथेच बरेच जण घाबरतात. हा उष्णता उचलण्याचा वेग आहे. यंत्राचा कार्यगुणांक (उचललेली उष्णता भागिले लागलेली वीज) ३ असेल तर कॉम्प्रेसरला लागतात १९.२ किलोवॅट. दूध सगळं एकदम न येता संध्याकाळभर टप्प्याटप्प्यानं येत असेल तर वेळ तसा धरावा. तीनऐवजी दोन तास धरले की भार दीडपट होतो.

कंडेन्सरकडे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाकडे, मात्र दोन्हीची बेरीज बाहेर टाकावी लागते: ५७.६ + १९.२ = ७६.८ किलोवॅट, म्हणजे ६६,००० किलोकॅलरी प्रति तास. आता कूलिंग टॉवर किती टनांचा? कॅटलॉगमध्ये टॉवरचा टन ३,९०० किलोकॅलरी प्रति तास असेल तर १७ टनांचा पुरतो. ३,०२४ असेल तर २२ लागतो. अमेरिकी पद्धतीचा टॉवर-टन ३,७८० असतो. कॅटलॉगमधल्या टनाचा अर्थ न विचारता "चिलर १७ टनांचा, मग टॉवरही १७ टनांचा" अशी ऑर्डर गेली, तर मे महिन्यात हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) चढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो आणि दोष गॅसला दिला जातो. म्हणून खरेदीच्या कागदावर टन लिहूच नये. किलोकॅलरी प्रति तास, पाण्याचं येतानाचं आणि जातानाचं तापमान आणि हवेचं वेट बल्ब तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं) लिहावं.

८६० औष्णिक वीज केंद्रात

वीज केंद्राचा हीट रेट, म्हणजे एक युनिट विजेसाठी लागणारी इंधनाची उष्णता, किलोकॅलरी प्रति युनिट असा सांगतात. एक युनिट विजेतली उष्णता ८६० किलोकॅलरी, म्हणून कार्यक्षमता = ८६० ÷ हीट रेट. हीट रेट २,४०० असेल तर ३५.८ टक्के.

त्याच आकड्यानं कोळसाही काढता येतो. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला पाच लाख युनिट देतो, गुणिले २,४०० म्हणजे १२० कोटी किलोकॅलरी प्रति तास. किलोला ३,६०० किलोकॅलरीचा कोळसा असेल तर तासाला ३३३ टन. ही १२० कोटी म्हणजे १,३९६ मेगावॅट उष्णता. त्यातली ५०० वीज झाली, उरलेली जवळपास ९०० मेगावॅट कूलिंग टॉवर, चिमणी आणि किरकोळ गळतीत गेली. आपल्याकडे कोळशाच्या प्रतीही २०१२ पासून स्थूल मूल्यावरच ठरतात, तीनशे-तीनशे किलोकॅलरीच्या टप्प्यांत, त्यामुळे इथे निव्वळ मूल्य मध्ये आणायचं नाही.

सायकलचे वॅट

जिमच्या सायकलवर १०० वॅट दिसतात आणि शेजारी तासाला साधारण ३६० कॅलरी. सूत्रानं तर ८६ च व्हायला हव्यात. मशिन खोटं बोलत नाही. १०० वॅट हे पेडलवर पोहोचलेलं काम. शरीर खाल्लेल्यापैकी वीस ते पंचवीस टक्केच कामात उतरवतं, बाकी घाम. ८६ ला ०.२४ नं भागा, ३६० येतात. चौथ्या पायरीतला आत-बाहेरचा प्रश्नच पुन्हा, फक्त इथे बर्नरच्या जागी पोट.

शून्यं आणि तक्ते

उरल्या किरकोळ पण महाग चुका. लाख आणि मिलियन एकाच तक्त्यात असतील तर सगळं आधी किलोवॅटमध्ये आणा, मग बेरीज करा. गॅसचा भाव मिलियन बीटीयूवर (ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचं एकक) येतो: १ मिलियन बीटीयू = २.५२ लाख किलोकॅलरी = २९३ युनिट. पण जुन्या अमेरिकी बर्नरवर एकटा "एम" असेल तर तो रोमन हजार असतो, मिलियन नव्हे. एचपीही दोन: मेट्रिक ७३५.५ वॅटचा, तासाला ६३२ किलोकॅलरी, आणि ब्रिटिश ७४५.७ वॅटचा, ६४१.

इन्सुलेशनच्या जुन्या तक्त्यांत उष्णतावाहकता किलोकॅलरी प्रति मीटर-तास-अंश अशी असते. तिलाही १.१६३ नंच गुणायचं. गुणलंय की नाही हे ओळखायची खूण: साध्या तापमानाला ग्लासवूल किंवा रॉकवूलचा आकडा वॅटमध्ये ०.०४ च्या आसपास असतो. ०.०३४ दिसला तर तो बहुधा अजून किलोकॅलरीतच आहे, पण पाइपच्या गरम तापमानाला दिलेला आकडा याहून बराच मोठा असतो, तेव्हा तक्त्याच्या डोक्यावरचं तापमान आधी वाचा.